निष्ठा कोणाशी?

यंत्रांच्या जगात नीतीचे शब्द कसे शिरतात, याची मला नेहमी गंमत वाटते. तराजू लबाड असतो, घड्याळ खोटे चालते, आरसा खरे बोलतो. पण या सर्वांवर ताण केली आहे ती गाणे ऐकवणाऱ्या यंत्राने. त्याने आपल्या कपाळावर ‘हाय फिडेलिटी’ असा टिळाच लावून घेतला. फिडेलिटी म्हणजे निष्ठा, आणि तीही साधीसुधी नव्हे, उच्च प्रतीची. पतिव्रतेला, जुन्या सेवकाला आणि कुत्र्याला शोभणारा हा शब्द एका लाकडी खोक्याने पळवला, आणि त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

कुत्र्यावरून आठवले. ज्यांच्या घरी जुन्या तबकड्या होत्या त्यांना ‘कुत्रा छाप’ रेकॉर्डी आठवत असतील. कर्ण्यासमोर मान कलती करून बसलेला तो कुत्रा म्हणजे निपर. फ्रान्सिस बरॉड नावाच्या इंग्रज चित्रकाराने त्याचे चित्र काढले. निपर आधी बरॉडच्या भावाचा. भाऊ वारल्यावर तो चित्रकाराकडे आला. मेलेल्या धन्याचा आवाज ऐकणारा इमानी प्राणी, अशी त्या चित्राची कल्पना. पण मूळ चित्रात कुत्र्यापुढे होते ते एडिसनच्या धर्तीचे, नळकांड्यावर वाजणारे यंत्र. १८९९ साली ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घेतले ते या अटीवर, की ते यंत्र पुसून त्या जागी आमचे तबकडीचे यंत्र रंगवावे. बरॉडने मुकाट्याने ते रंगवले. निष्ठेचे जगातले सर्वांत प्रसिद्ध चित्र असे गिऱ्हाइकाच्या सोयीने दुरुस्त केलेले आहे. कुत्र्याला मात्र त्याची काही कल्पना नाही. तो तितक्याच भक्तीने ऐकतो आहे.

दिवाळीच्या सुमारास पुष्कळ घरांत नवी वस्तू येते. पूर्वी रेडिओ येई, मग टेपरेकॉर्डर आला, टेलिव्हिजन आला. अलीकडे हौशी घरांत माणसाच्या कमरेच्या वर येणाऱ्या, जमिनीवर उभ्या राहणाऱ्या लाउडस्पीकरांची जोडी दिसू लागली आहे. ती घ्यायला मंडळी दुकानात जातात, तेव्हा निवड शेवटी दोन जोड्यांवर येऊन ठेपते. एक जोडी वाजली की अंगावर काटा येतो; खर्ज पोटात घुमतो, झांजा काचेसारख्या लखलखतात. दुसरी वाजली की वाटते, बरे आहे, पण यात विशेष ते काय? मुलेबाळे पहिलीकडे बोट दाखवतात. मग विक्रेता, तो जाणकार असला तर, हळूच म्हणतो, “साहेब, खरा आवाज विचाराल तर दुसरीचा.”

या वाक्याने जो पेच उभा राहतो तो पैशाचा नव्हे. खरे ऐकावे की गोड ऐकावे, आणि गोड ऐकण्याची इच्छा असणे हा काही दोष आहे का, असा तो पेच आहे. ताटावर बसल्यावर विचारलेल्या ‘भाजी कशी झाली?’ या प्रश्नापासून डॉक्टरने नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगितलेल्या बातमीपर्यंत तो आपल्याला जागोजाग भेटतो. परंतु तेथे माणसे गुंतलेली असतात, म्हणून आपण विचार करायचे टाळतो. दोन खोक्यांच्या बाबतीत तो निर्मळ मनाने करता येईल असे मला वाटले होते. ते तितकेसे खरे ठरले नाही, पण ते पुढे येईलच.

दुकानातल्या जोड्या दर दोन-चार वर्षांनी बदलतात; त्यांची नावे घेण्यात अर्थ नाही. या वादाचे दोन मूळपुरुष मात्र ध्यानात ठेवण्याजोगे आहेत.

पहिला पॉल क्लिप्श. १९०४ साली जन्मला आणि २००२ साली वारला, म्हणजे जवळजवळ शतकभर जगला. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या नोकरीत तो अमेरिकेतल्या अर्कान्सस राज्यात होप नावाच्या लहानशा गावी आला, आणि युद्ध संपल्यावर १९४६ साली तेथेच एका पत्र्याच्या शेडमध्ये त्याने लाउडस्पीकर बनवायला सुरुवात केली. त्याची युक्ती आपल्या गुराख्यालाही ठाऊक आहे. लांबच्या माणसाला हाक मारताना आपण तोंडाभोवती हातांचा द्रोण करतो. आवाज फुकट न सांडता पुढे जातो. कर्ण्याचे तत्त्व हेच. अडचण एवढीच, की खर्जाच्या स्वरांना कर्णा लागतो तो खोलीएवढा. क्लिप्शने तो घडी घालून चार फुटांहून उंच पेटीत बसवला, आणि जो भाग पेटीत मावेना तो खोलीवर सोपवला. पेटी कोपऱ्यात ठेवायची. तेथे मिळणाऱ्या दोन भिंती हेच कर्ण्याचे उरलेले तोंड. एक वॅट विजेवर हा स्पीकर सुमारे १०५ डेसिबल आवाज काढतो. विसर्जनाच्या दिवशी ताशाच्या शेजारी उभे राहिलेल्यांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगायला नको. क्लिप्शचा हट्ट मोठ्या आवाजासाठी नव्हता. त्याचा युक्तिवाद असा, की ज्या पडद्याला कमी हलावे लागते तो कमी चुकतो.

दुसरा पीटर वॉकर, १९१६ ते २००३. इंग्लंडात हंटिंग्डन येथे त्याचा कारखाना होता, आणि गृहस्थ स्वतः हौशी बासरीवादक होता. त्याला वाटले, की मुळात पेटी हेच पाप आहे. पेटी स्वतःच घुमते, आणि आपण गवयाबरोबर लाकडाचाही आवाज ऐकतो. म्हणून त्याने पेटी काढून टाकली आणि नेहमीच्या स्पीकरात असतो तो कागदी शंकूही काढून टाकला. भोके पाडलेल्या दोन पत्र्यांच्या मध्ये त्याने केसाहूनही पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा ताणला, त्यावर हजारो व्होल्टांचा भार ठेवला, आणि संगीताच्या विजेने तो पडदा पुढेमागे ओढला. पडद्याला वजन असे जवळजवळ नाहीच. १९५७ साली तो ‘क्वाड’ या नावाने बाजारात आला. दिसायला थंड देशातल्या खोली गरम करण्याच्या शेगडीसारखा, आखूड पायांवर किंचित मागे रेललेला. मोठा आवाज त्याला झेपत नसे. फार जोर केला तर पडद्याशी ठिणग्या उडत. खर्ज बेताचा. शिवाय अगदी मध्यावर बसलेल्या एकाच माणसाला पूर्ण सुख मिळे. पण माणसाचा गळा त्यातून असा निघे, की यंत्र मध्ये आहे हे विसरायला होई. त्या जुन्या क्वाडवर जीव टाकणारी माणसे आजही आहेत, आणि क्लिप्शचा कोपऱ्यातला कर्णा तर अजून तयार होतो आहे.

येथे जरा थांबून आपल्या घराकडे पाहावे. क्लिप्शला खोलीचे दोन मोकळे कोपरे लागतात. मराठी घरात मोकळा कोपरा म्हणजे काय, हे मला कोणी दाखवून द्यावे. एका कोपऱ्यात कपाट असते, दुसऱ्यात देव्हारा, तिसऱ्यात गुंडाळलेल्या गाद्या आणि चौथ्यात केरसुणी, छत्र्या व लग्नात आलेला, कोणालाही न आवडणारा लामणदिवा. वॉकरचा आवाज जितका पुढून निघतो तितकाच मागूनही निघतो. त्यामुळे त्याला भिंतीपासून काही फूट पुढे, जवळजवळ खोलीच्या मध्यावर आणून ठेवावे लागते. दहा बाय बाराच्या खोलीत असे केले तर स्पीकर राहील आणि कुटुंब जिन्यात बसेल. तात्पर्य, सत्य ऐकायला आधी जागा लागते. गरिबाच्या घरी निष्ठा भिंतीला टेकूनच उभी राहते. ध्वनिशास्त्रातही हा अन्याय आहेच. त्याबद्दल आज अधिक लिहीत नाही.

दोघेही एकाच देवाची शपथ घेत होते, तो देव म्हणजे मूळ आवाज. दोघेही बुद्धिमान, दोघेही प्रामाणिक. क्लिप्श तर इतका सत्याचा भोक्ता, की कोटाच्या उलटीकडे एक पिवळा बिल्ला लावून ठेवी. कोणी ध्वनिविषयक थापा मारू लागला की तो कोटाची घडी उलटून बिल्ला दाखवी. त्यावर छापलेला इंग्रजी शब्द दिवाळी अंकात लिहिण्यासारखा नाही. तरीही दोघांचे स्पीकर आळीपाळीने वाजवले तर शाळकरी पोरही डोळे मिटून सांगेल, की हा वेगळा आणि तो वेगळा. मूळ आवाज एक, आणि त्याच्याशी निष्ठावंत असे दोन आवाज परस्परांहून वेगळे. तेव्हा दोघांनीही काहीतरी सोडून दिलेले आहे हे उघड आहे. एकाने भव्यता राखली आणि थोडी नजाकत सोडली. दुसऱ्याने नजाकत राखली आणि भव्यतेवर पाणी सोडले. मला यात खोटेपणा दिसत नाही. आपण काय सोडले हे दोघांना माहीत होते, आणि ते त्यांनी समजून सोडले. दुकानातली ती अंगावर काटा आणणारी जोडी मला वेगळी वाटते. ती काही सोडत नाही. नसलेले आणून घालते. आणि ते सांगत नाही.

मग पारख करावी कशी? मूळ आणि नक्कल शेजारी ठेवून पाहावी, असे कोणीही म्हणेल. हा प्रयोग झालेला आहे, आणि तोही भर रंगमंचावर. १९१५ पासून एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत गावोगाव जाहीर परीक्षा मांडल्या. मंचावर यंत्र, शेजारी गायिका. ती गाता गाता गप्प होई आणि यंत्र पुढे गात राही. कधी दिवे मालवीत, आणि पुन्हा लागत तेव्हा श्रोत्यांना दिसे की बाई मंचावर नाहीतच. १९१६ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मारी रापोल्ड या गायिकेला घेऊन अशी परीक्षा झाली. लोक चकित झाले. आज ती तबकडी ऐकली तर आपण चकित होतो ते त्या लोकांच्या कानांबद्दल. यातली खरी मेख पुढे कळली. ॲना केस नावाची गायिका या परीक्षांत गात असे. उतारवयात तिने सांगितले, की यंत्राचा आवाज जसा असेल तसाच आपला आवाज ती मंचावर ठेवी, म्हणजे फरक कळत नसे. मी हे वाचले तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. यंत्र माणसाशी निष्ठावंत राहण्याऐवजी माणूसच यंत्राशी निष्ठावंत झाला, आणि टाळ्या पडल्या. छायाचित्रात जसे दिसलो तसे प्रत्यक्षात दिसण्याची धडपड करणारी माणसे आपण हल्ली पाहतो; त्यांची आद्य देवता ही ॲना केस.

पुढे १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये गिल्बर्ट ब्रिग्ज या स्पीकर बनवणाऱ्याने जिवंत वादक आणि लाउडस्पीकर यांना आळीपाळीने वाजवून दाखवले. आपले वॉकरसाहेब त्यात मदतीला होते. पुढच्या वर्षी कार्नेगी हॉलमध्येही तो प्रयोग झाला. लोकांनी हॉल भरून टाकला. पण ही सारी परीक्षा डोळ्यांदेखतची, आणि कानाचा सर्वांत मोठा वैरी डोळा.

हे मी माझ्या मनचे सांगत नाही. फ्लॉइड टूल या शास्त्रज्ञाने आधी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत आणि नंतर अमेरिकेत आयुष्यभर याचाच अभ्यास केला. १९९४ साली त्याने आणि शॉन ऑलिव्ह याने एक साधा प्रयोग केला. तेच स्पीकर, तेच श्रोते. एकदा स्पीकर समोर दिसत आहेत, एकदा पडद्याआड. दिसत असताना मोठ्या, ऐटबाज पेट्यांना गुण भराभर चढले. पडदा ओढल्यावर ते अंतर घटले, आणि दिसायला किरकोळ असलेल्याची पत वाढली. श्रोत्यांत जाणकारही होते. डोळ्यांनी त्यांचीही फसवणूक केली. अशा तुलनेत दोन पथ्ये पाळावी लागतात. आवाज दोघांचा नेमका सारखा हवा, कारण एक जण किंचित मोठा वाजला तरी कानाला तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. हे दुकानदारांना पक्के ठाऊक असते. आणि दोघांची जागा एकच हवी. म्हणून पुढे पडद्याआड स्पीकर आपोआप सरकवून एकाच जागी आणणारे यंत्रसुद्धा त्यांनी बसवले.

या प्रयोगांतून एक गोष्ट निघाली ती मला फार मोलाची वाटते. नाव, किंमत आणि रूप यांपैकी काहीच दिसत नसले, तर बहुतेक माणसे, जाणती आणि अजाण दोन्ही, त्याच स्पीकरला पसंती देतात जो खर्जापासून तारापर्यंत कोणाला पुढे ढकलत नाही आणि कोणाला मागे ठेवत नाही. माणसाला मुळात खोट्याचीच आवड आहे, असे म्हणणाऱ्या निराशावाद्यांनी हे ध्यानात घ्यावे. डोळे बांधले तर आपण बऱ्यापैकी न्यायी आहोत. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी बांधणाऱ्याला हे प्रयोगाशिवायच उमगले होते.

येथवर आले म्हणजे प्रश्न सुटला असे वाटते. जो सपाट, जो निःपक्षपाती, तो घ्यावा आणि घरी यावे. पण मग मनात येते, की निष्ठा ठेवायची ती कोणाशी? मूळ आवाज म्हणजे कोणता?

१९०२ साली कलकत्त्याला गौहरजानचे गाणे तबकडीवर घेतले गेले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. धातूच्या कर्ण्याच्या तोंडाशी जाऊन, आवाज चढवून, रागाचा सगळा संसार तीन मिनिटांत आटोपावा लागे. शेवटी ती इंग्रजीत आपले नाव सांगे, कारण तबकड्या छापल्या जात जर्मनीत हानोव्हरला, आणि तेथल्या कारागिरांना कोण गाते आहे हे कळावे. अशी गौहरजान कोणत्याही मैफलीत कधी गायली नसेल. मग त्या तबकडीशी एकनिष्ठ असलेला स्पीकर नेमका कोणाशी एकनिष्ठ असतो? बाईशी, की त्या पत्र्याच्या कर्ण्याशी?

आपला तंबोराच घ्या. मिरजेचे कारागीर घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढतात. त्या दोऱ्याने तार झणझणू लागते आणि एकेका स्वरातून स्वरांचे मोहोळ उठते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली या घोडीवर निबंध लिहिला. तार जेथे छेडली तेथल्या हिशेबाने जे उपस्वर उमटायलाच नकोत, तेही तंबोऱ्यात उमटतात, हे त्यांनी दाखवले. आणि नीट जुळलेल्या तंबोऱ्यातून जो गंधार ऐकू येतो तो तर कोणत्याच तारेला लावलेला नसतो. त्याला आपण खोटा म्हणत नाही, स्वयंभू म्हणतो. शिवाय मांडीवर तंबोरा घेऊन बसलेल्या गवयाला तो जसा ऐकू येतो तसा समोरच्या सतरंजीवरच्या श्रोत्याला येत नाही. मूळ आवाज निदान दोन तरी असतात.

केसरबाई केरकर रेकॉर्डिंगच्या बाबतीत फार चोखंदळ होत्या. त्यांनी गायलेली ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत घालून अवकाशात पाठवली. दोन्ही यानांवर तीच तबकडी. दुसरे यान निघाल्यावर दोन आठवड्यांच्या आत, १६ सप्टेंबरला, केसरबाई वारल्या. तबकडीबरोबर सुई पाठवली आहे, वाजवायचे कसे याच्या आकृतीही कोरून दिल्या आहेत. लाउडस्पीकर मात्र पाठवलेला नाही. तो ज्याचा त्याने बनवायचा आहे, आणि कानही ज्याचे त्याचे. पुढेमागे ती तबकडी कोणाच्या हाती लागलीच, तर तेथे जी गाईल ती केरीची केसरबाई असेल की आणखी कोणी, हे त्या दूरच्या सुताराच्या हातात आहे. मैफलीत मायक्रोफोन कसा लावला यावरूनही बिनसणाऱ्या गायकांची ही पिढी. तिला हा बेत विचारला असता तर काय उत्तर मिळाले असते, याची कल्पना करवत नाही.

इतका वेळ आपण गायकांबद्दल बोललो. पण घरातला लाउडस्पीकर नेहमीच मोठ्या गायकाची सेवा करतो असे नाही.

आमच्या परिचयाच्या एका घरी मागल्या वर्षी अशाच दोन जोड्या दोन दिवसांच्या बोलीवर पाहायला आणल्या होत्या. घरातले काका पोस्टात होते. गळा गोड, रोज संध्याकाळी भजन म्हणत. १९८६ साली कोणीतरी साध्या टेपरेकॉर्डरवर त्यांची कॅसेट भरून ठेवली होती. पुढे दोन वर्षांनी काका दम्याने गेले. नातवाने ती कॅसेट हल्लीच्या पद्धतीने संगणकावर उतरवून घेतली होती, आणि परीक्षेसाठी तीच लावली. ऐकायला काकू होत्या, त्यांचा मुलगा होता, सूनबाई, नातू, आणि बोलावला म्हणून मी.

पहिल्या जोडीवर काका भरघोस वाटले. आवाज गोल, छातीतून आल्यासारखा. सर्वांचे डोळे पाणावले. मग दुसरी जोडी लावली. काका एकदम लहान झाले. खोलीतल्या एका खुर्चीवर बसलेला, मध्यमवयीन, सडपातळ माणूस. त्यांच्या मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. खुर्ची करकरली. आणि प्रत्येक ओळीच्या आधी एक आखूड, ओढून घेतलेला श्वास स्पष्ट ऐकू येऊ लागला. दुसऱ्या भजनात तर ओळीच्या मध्येच तो श्वास आला. मुलगा उठून खिडकीशी गेला. तो म्हणाला, “हे तेव्हाच चालू होतं. आणि आम्ही म्हणत होतो, बाबांना पावसाळ्याचा खोकला आहे.”

इतक्यात त्या टेपमध्ये लांबून बाईचा आवाज आला. “चहा ठेवू का?” काकांनी गाणे न थांबवता त्याच सुरात हुंकार भरला. पहिल्या जोडीच्या घुमत्या खर्जाखाली हे सारे दडून गेले होते. काकूंनी नातवाला ते पुन्हा लावायला सांगितले. मग आणखी एकदा.

मुलगा म्हणाला, “आई, ही जोडी नको. पहिलीवर बाबा बरे वाटतात.”

“बरे वाटतात खरे,” काकू म्हणाल्या, “पण तिच्यात मी नाहीये रे.” मग माझ्याकडे वळल्या. “मास्तर, तुम्ही सांगा, खरी कुठली?”

“काकू, खरी दुसरी,” मी म्हटले. आणखी काही सांगायचे मला सुचले नाही.

“मग तीच ठेवा. आणि ह्यांना दम लागायला लागला की आवाज बारीक करत जा. बटण आहे ना त्याला?”

मी तोवर जे वाचले होते त्यात हे कोठे नव्हते. एरवी आपण भांडतो ते यंत्राने खरे बोलावे की गोड बोलावे यावर, जणू दयाळूपणाही त्याच्याकडेच सोपवायचा आहे. गोड करणाऱ्या जोडीने काकांचा दमा लपवला तेव्हा तिने कोणावर दया केली नाही. तिला दमा म्हणजे काय ते माहीत नव्हते, आणि दम्याबरोबर तिने काकूंनाही पुसले. काकूंनी बटण पिळून दमा लपवला तर ती दया आहे, कारण काय लपवतो आहोत हे त्यांना पक्के माहीत आहे. डॉक्टरने रोग्याला अर्धे सांगावे, पण डॉक्टरच्या तापमापकाने अर्धा ताप दाखवू नये. मला तरी निदान लाउडस्पीकरांपुरते हे पटते. माणसांना ते कितपत लागू करावे याबद्दल माझा निश्चय होत नाही, कारण माणसाला बटण नसते, आणि आपण ज्यांना निःपक्षपाती म्हणतो अशा माणसांशेजारी रोज संध्याकाळ काढायची म्हटले तर जड जाते.

आणि मुलाचे काय? त्याचीही बाजू आहे, आणि ती मला खोडून काढता येत नाही. त्याला त्या श्वासात आपली चूक ऐकू येते, ती दर वेळी नव्याने. सत्याची किंमत घरातली सगळी माणसे सारखी भरत नाहीत. काकू टेप लावतात तेव्हा तो बहुधा काहीतरी आणायला म्हणून बाहेर जातो. कोणी त्याला अडवत नाही.

दुसरी जोडी घरात राहिली. दुकानदाराने बजावले होते, की मागच्या भिंतीपासून तीन फूट तरी पुढे ठेवा, नाहीतर खर्ज फुगेल. तीन फुटांवर काकूंची खाट आली. नातू खाट सरकवायला गेला तेव्हा त्यांनी निक्षून सांगितले, “माझी खाट हलायची नाही. तुझ्या पेट्या हलव.” तेव्हा त्या भिंतीपासून फूटभरावर उभ्या आहेत आणि खर्ज फुगलेला आहे. नातवाने मागे एक जुनी गोधडी घडी करून लावली; तिचा काही उपयोग झाला नाही. मी काकूंना विचारले, की आता काकांचा आवाज थोडा जाड येतो तो तुम्हाला चालतो का. त्या म्हणाल्या, “तेवढा असू द्या. तसा नव्हता ह्यांचा, पण असता तरी हरकत नव्हती.”